धर्माच्या आईला झावळी

उपमंत्रीसाहेब रविवारी जखमींना भेटायला येणार अशी तार बुधवारी आली, आणि इस्पितळात पहिला हुकूम सुटला तो जखमींना हलवण्याचा.

हुकूम मेजर फ्रागोसोंचा. ते इस्पितळाचे व्यवस्थापक. शिपाई कामी आला तर मेजर टोपी काढत, चादर हरवली तर मात्र दोन दिवस जेवत नसत. त्यांनी कॉर्पोरल अडेलिनोला बोलावून घेतलं. अडेलिनो पुढच्या वॉर्डात मलमपट्टी करायचा, शिपायांची पत्रं वाचून दाखवायचा, आणि सहा वर्षांच्या लढाईनंतरही रोज संध्याकाळी प्रार्थना म्हणायचा. मेजरांच्या मते हे तिसरं काम अडाणीपणाचं होतं, पण निरुपद्रवी.

"पुढच्या वॉर्डात कोण कोण आहे?"

"बावीस जण, साहेब. नऊ जणांचे पाय गेलेत, चौघांचे हात, दोघांचे डोळे..."

"असं वाचून दाखवू नकोस रे. साहेबांबरोबर बाईसाहेब आहेत. मला जरा देखणे जखमी हवेत."

"देखणे म्हणजे कसे?"

"म्हणजे ज्यांना बघून देशाचा अभिमान वाटेल आणि नंतर जेवणही जाईल असे. हिवतापाचे किती आहेत?"

"मागच्या वॉर्डात एकोणीस."

"ते पुढे आण. एकेकाच्या डोक्याला पट्टी बांध, पांढरीशुभ्र. रक्त नको. फार तर लाल औषधाचा एक ठिपका, तोही एखाद्यालाच. सगळ्यांना ठिपके दिलेस तर नाटक वाटेल."

तर अशा रीतीने आफ्रिकेतल्या गिनी या पोर्तुगालच्या वसाहतीतल्या त्या बंदराच्या गावात हिवतापाने कुडकुडणारे एकोणीस जण एका दुपारीत शूर झाले. दाढ सुजलेला एक आचारीही त्यांत बसला. त्याचा गाल इतका फुगला होता, की मेजर म्हणाले, हा अगदी खरा वाटतो. आणि ज्यांनी पाय दिले होते, हात दिले होते, ते मागच्या व्हरांड्यात गेले. तिथे गटाराचा वास आणि डास, पण ज्याच्या अभिमानाला बाधा येईल असं कोणी फिरकत नसे.

एक जण मात्र व्हरांड्यातही ठेवण्यासारखा नव्हता. ओलिंपियो. एकवीस वर्षांचा, पोर्तुगालच्या उत्तरेकडच्या डोंगरातला मेंढपाळ. नदीच्या वरच्या अंगाला नऊ दिवसांपूर्वी त्याच्या पायाखाली सुरुंग फुटला होता. पाय तुटला नाही, पण गुडघ्याखालचं हाड उघडं पडलं आणि आत पू धरला. त्याचा वास असा, की भिंतीआडूनही लपत नव्हता. सर्जन कॅप्टन सेर्केइरांनी अडेलिनोला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "माझ्याकडे करवत आहे. हाड साफ करून पाय राखणारी माणसं लिस्बनला आहेत. हा सोमवारच्या विमानाने गेला तर पाय राहील. नाही गेला तर मंगळवारी सकाळी मला करवत उकळायला टाकावी लागेल."

सोमवारचं विमान दर आठवड्याला जखमींना घेऊन लिस्बनला जायचं. सोळा स्ट्रेचर मावत. पण या सोमवारी त्याच विमानाने उपमंत्रीसाहेब परत जाणार होते. त्यामुळे स्ट्रेचर अडकवायच्या आकड्या काढून तिथे गादीच्या खुर्च्या बसवल्या होत्या. उरलेल्या जागेत गावातल्या व्यापाऱ्यांनी साहेबांना भेट दिलेलं एक लिहिण्याचं टेबल जाणार होतं. काळ्या लाकडाचं, चारी पायांवर सिंहाची तोंडं कोरलेलं, बरोब्बर एका स्ट्रेचरच्या लांबीचं. सर्जननी तीन अर्ज केले. तिन्हींवर मेजरांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: पुढच्या सोमवारी.

"पुढच्या सोमवारी पाय नसेल, साहेब," अडेलिनो म्हणाला.

"मग घाई तरी कसली?" मेजर म्हणाले.

ओलिंपियोला त्यांनी पुढच्या वॉर्डामागच्या चादरींच्या खोलीत ठेवलं. खिडकी नव्हती, दार घट्ट बसत होतं. पोरगा तापाने फणफणला होता, पण चेहऱ्यावर चिंता म्हणून नव्हती. अडेलिनोने पट्टी बदलताना त्याला विमानाचं सांगितलं, तर तो हसला.

"तुम्ही कशाला जीव टाकताय, कॉर्पोरल? माझी धर्माची आई येतेय ना."

अडेलिनोने मान वर न करता पट्टीची गाठ मारली. कारण ही आई त्याला ओलिंपियोपेक्षा जास्त माहीत होती.

त्या लढाईत एक रीत निघाली होती. मायदेशातल्या बायका अनोळखी शिपायांच्या 'युद्धातल्या धर्ममाता' व्हायच्या, आणि घडीच्या पिवळ्या कागदावर त्यांना पत्रं पाठवायच्या. बऱ्याच जणी मनापासून लिहीत. उपमंत्र्यांच्या पत्नी दोना एर्मेलिंडा या साऱ्या कामाच्या अध्यक्षा. बाईंचा उत्साह मोठा, म्हणून त्यांनी एकट्यांनी दोनशे बारा मुलं घेतली होती. देवाने मरियेला एक दिला, तिला तेवढाच पुरला. बाईंच्या मुलांना पत्रं लिहायला एक कारकून ठेवलेला होता. अडेलिनोने या वॉर्डातल्या तिघांना त्यांची पत्रं वाचून दाखवली होती. शब्द न् शब्द एकच. एकदा तर नावही बदलायचं राहिलं होतं, तेव्हा त्याने वाचता वाचता ते स्वतःच दुरुस्त केलं. ओलिंपियोला वाचता येत नव्हतं. त्याच्या उशाखाली अकरा पत्रं होती.

"तिने लिहिलंय, 'तुला काही लागलं तर लेकराने आईकडे मागावं तसं माझ्याकडे माग.' तुम्हीच वाचलंत की."

"वाचलं. तू मोजे मागितले होतेस. काय आलं?"

"संत अंतोनीचं चित्र."

"मग?"

"मोजे असते तर ते त्या पायाबरोबर फाटले असते. चित्र धड आहे." ओलिंपियो कोपरावर उठला. "आणि ते पत्रातलं मागणं. समोरासमोर मागायची रीत वेगळी असते. तुमच्याकडे झावळ्यांच्या रविवारी धर्माच्या आईला फांदी देत नाहीत?"

देत होते, का नाही देत. येशू गाढवावर बसून यरुशलेमेत आला, लोकांनी झाडांच्या फांद्या वाटेवर पसरल्या, त्या रविवारी पोर्तुगालच्या खेड्याखेड्यांत मूल आपल्या धर्माच्या आईला, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मानलेल्या आईला, देवळाच्या दारात फांदी देतं. आणि तिने ती हातात घेतली, की पुढच्या रविवारी, ईस्टरला, तिने त्याला फोलार द्यायचा. म्हणजे वर अख्खं अंडं खोचलेला गोड पाव. फांदी घेऊन फोलार न देणारी बाई अडेलिनोने कधी पाहिली नव्हती. त्याच्या आजोळी एक बाई भावाशी भांडली होती. भाच्याची फांदी घ्यावी लागू नये म्हणून गुडघेदुखीचं निमित्त करून ती दोन वर्षं त्या रविवारी देवळात गेली नाही. फांदी न घ्यायची सोय होती. घेऊन विसरायची नव्हती.

"येत्या रविवारी झावळ्यांचाच रविवार आहे, कॉर्पोरल," ओलिंपियो म्हणाला. "मला नुसतं तिच्यापर्यंत न्या."

"नेतो," अडेलिनो म्हणाला. तापातल्या माणसाला कोणीही असंच म्हणतं.

शनिवारी उपमंत्रीसाहेब आले. डॉक्टर तेओडोरो लासेर्दा, कायद्याचे डॉक्टर, ठेंगणे, गोरेपान, नव्या कोऱ्या हिरव्या गणवेशात. तो त्यांच्यासाठी लिस्बनच्या शिंप्याकडून खास शिवून घेतला होता, कारण शत्रूला साधा कपडा चालत असेल, फोटोला चालत नाही. प्रथम आघाडी पाहायची होती. खरी आघाडी नदीने वर, चिखलातून सात तासांवर. पण मोठ्या माणसाने इतके कष्ट घ्यायचे नसतात. मोठा माणूस आला की आघाडीच थोडी पुढे येऊन भेटते. ती विमानतळापलीकडे दोन मैलांवर येऊन थांबली होती. वाळूची पोती रचली होती, आणि पगारपत्रकं लिहिणारे तीस कारकून चेहऱ्याला काजळी फासून बंदुका धरून बसले होते. आघाडीवरचे शिपाई बोलावता आले नाहीत. ते आघाडीवर कामात होते.

साहेबांनी दुर्बिणीतून बराच वेळ शत्रूकडे पाहिलं.

"पांढरे झेंडे दिसतात," ते म्हणाले. "शरण येताहेत का?"

"धोब्याचं वाळवण आहे, साहेब," एक कारकून म्हणाला. त्याची पुढे बदली झाली म्हणतात.

रविवारी सकाळी नऊला मंडळी इस्पितळात आली. एक नंबरच्या खाटेवर मेजरांनी ब्राइमाला निजवलं होतं. ब्राइमा इथलाच, पोर्तुगीजांच्या बाजूने लढणाऱ्या स्थानिक पथकातला. वय चाळीसच्या पुढे, नमाजी माणूस, आणि जिभेला हाड नाही. आमच्याकडे काळागोरा भेद नाही हे दाखवायला तो पुढे हवा होता. सुरुंगाने डावा हात मनगटापासून गेलेला, पण पट्टी नीट बसत होती, त्यामुळे चालून गेला.

"याला काय झालं?" उपमंत्र्यांनी विचारलं.

"ताडावरून पडला, साहेब. ताडी काढताना," मेजर म्हणाले. स्थानिक पथकातल्यांच्या जखमा नोंदवहीत अशाच लिहायची पद्धत होती. कोणी ताडावरून पडे, कोणाला मगर चावे. त्यामुळे लढाई बरी चाललेली दिसायची.

"देव बरं करो," साहेब म्हणाले आणि पुढे गेले.

"मी मुसलमान," ब्राइमा मागून अडेलिनोला हळूच म्हणाला. "जन्मात ताडीला हात लावला नाही. आता लावीन म्हटलं तर हात नाही."

दाढेच्या आचाऱ्याला पदक मिळालं. साहेबांनी विचारलं, कुठे लागलं, तर तो गालावर हात धरून म्हणाला, "आत, साहेब, खूप आत." साहेब गहिवरले. छायाचित्रकाराने दोनदा फोटो काढला.

दोना एर्मेलिंडा नवऱ्यामागून चालल्या होत्या. थोराड बांध्याच्या, काळ्या पोशाखात, हातात सिगारेटची पाकिटं आणि संतांची चित्रं. प्रत्येकाला एक एक देत, "बाळा, तुझी आई तुझी वाट बघतेय," म्हणत. चादरींच्या खोलीपाशी त्या थबकल्या. दारासमोर अडेलिनो उभा होता, पाठ दाराला लावून. मेजर चार पावलांवर होते.

"कॉर्पोरल, इथे काय आहे? वास येतोय कसला तरी."

"चादरी, बाईसाहेब. धुवायच्या आहेत."

"माणूस कोणी नाही ना आत?"

अडेलिनोने मेजरांकडे पाहिलं. मेजर आपल्या नखांकडे पाहत होते.

"कोणी नाही, बाईसाहेब."

बाईंनी त्याच्या हातात संत अंतोनीचं एक चित्र ठेवलं आणि त्या निघून गेल्या.

वॉर्ड रिकामा झाल्यावर त्याने दार उघडलं. आत अंधार, आणि त्यात ओलिंपियोचे डोळे.

"आवाज गोड आहे हो तिचा," ओलिंपियो म्हणाला.

"तू ऐकलंस?"

"सगळं."

"मग ओरडला का नाहीस, गाढवा?"

"तुम्हाला शिक्षा झाली असती." पोराचे ओठ सुकून फुटले होते. "मी चादर तर चादर. चादरीसुद्धा कधीतरी उन्हात नेतात, कॉर्पोरल."

अडेलिनोने त्याच्या ओठांना पाणी लावलं. अंगणात घंटा वाजली. तो गेला.

मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, अंगणातच होती, आंब्याखाली. ब्राइमाने आदल्या दिवशी स्वतः उभं राहून झावळ्या तोडून घेतल्या होत्या. एक हात नसला तरी हुकूम सोडायला तोंड पुरतं. इथे फांद्यांना तोटा नव्हता. गावाकडे लोक ऑलिव्हच्या काटकीवर भागवतात, इथे प्रत्येकाच्या हातात पुरुषभर झावळी. उपमंत्री तिच्यामागे दिसेनासे झाले होते.

त्या रविवारी प्रभूच्या दुःखाची कथा वाचत नाहीत, गातात. आणि गाणार होते फादर क्विरिनो. हा लष्करातला पाद्री एरवी अगदी सामान्य माणूस, पत्त्यांत फसवायचासुद्धा. पण देवाने त्याच्या गळ्यात काय घालून ठेवलं होतं कोण जाणे. त्याने पहिला सूर लावला आणि आंब्यावरचे कावळे गप्प झाले. कथा सगळ्यांना पाठ. पण पाठ असलेली गोष्ट गाऊन सांगितली की ती पुन्हा नव्याने घडायला लागते. हिवतापाचे शूर माना खाली घालून ऐकत होते. अडेलिनोचा बाप गावात हीच कथा गायचा. लहान अडेलिनो दरवर्षी मनात म्हणायचा, या वर्षी तरी प्रभूचा शिष्य पेत्र खोटं बोलणार नाही.

बागेत प्रभूला पकडणं झालं. प्रधान याजकाचा वाडा आला. थंडीत शेकोटीपाशी पेत्र बसलाय. दासी विचारते, तू त्याच्याबरोबर होतास ना? आणि फादर क्विरिनोनी आवाज अगदी खाली आणला, जणू कोणाच्या कानात सांगताहेत:

"मी त्या माणसाला ओळखत नाही."

उपमंत्र्यांनी घड्याळ पाहिलं.

पुन्हा विचारणं, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा. मग, तू मला तीनदा नाकारशील तेव्हा कोंबडा आरवेल असं प्रभूने पेत्राला आधीच सांगितलं होतं, त्या कोंबड्याचा सूर वर गेला आणि अंगणात शांतता पसरली. खरा कोंबडा काही आरवला नाही. इस्पितळातला एकुलता एक कोंबडा पाहुण्यांच्या जेवणासाठी पहाटेच कापला होता.

अडेलिनो उठला. शेजारच्याला वाटलं, याला पोटात कळ आली. 

चादरींच्या खोलीत जाऊन त्याने ओलिंपियोला उचलून ढकलगाडीवर घातलं. गाडीचं एक चाक गेले दोन महिने किरकिरत होतं. तेल द्यायचा अर्ज मेजरांकडे पडून होता, पुढच्या सोमवारी. गाडी दारातून बाहेर पडली तेव्हा व्हरांड्यात ब्राइमा उभा. तो मिस्सेला बसला नव्हता, पण सूर ऐकायला आला होता.

"कुठे निघालास?" ब्राइमाने विचारलं.

"चादर उन्हात घालायला."

ब्राइमाने गाडीवरच्या पोराकडे पाहिलं, मग आपल्या काखेतली झावळी ओलिंपियोच्या छातीवर ठेवली. "ही घे. सगळ्यांत सरळ हीच आहे. स्वतःसाठी ठेवली होती."

"तुला काय करायची होती?"

"माशा वारायला. एका हाताने माशा मारता येत नाहीत, वाराव्या लागतात."

गाडी किरकिरत अंगणात आली तेव्हा शेवटचा आशीर्वाद झाला होता. मंडळी फाटकाकडे निघाली होती, पुढे बाईसाहेब आणि छायाचित्रकार. मेजरांनी गाडी पाहिली आणि त्यांचा चेहरा चुना फासल्यासारखा झाला. पण धावणं त्यांच्या हुद्द्याला शोभलं नसतं. वेगाने चालावं तर साहेबांना ओलांडावं लागलं असतं. शिस्त ही अशी वेळेला उपयोगी पडते.

अडेलिनोने गाडी बाईंसमोर उभी केली. वास आधी पोचला. बाईंनी रुमाल नाकाकडे नेला, आणि तेवढ्यात ओलिंपियोने झावळी पुढे केली.

बाईंनी ती घेतली.

विचार करून घेतली नाही. रुमालाचा हात नाकाशी राहिला आणि दुसरा आपोआप पुढे गेला, लहानपणी शिकलेला हात जातो तसा. एर्मेलिंडा हे नाव लिस्बनच्या दिवाणखान्यातलं नव्हे. ते डोंगरातलं, मेंढरं वळणाऱ्या घरातलं नाव. छायाचित्रकाराने फोटो काढला.

"आशीर्वाद द्या, धर्माची आई," ओलिंपियो म्हणाला.

"देव तुला सुखी ठेवो, बाळा," बाई म्हणाल्या, आणि मग त्यांनी नीट पाहिलं. "तू कोण?"

"ओलिंपियो. तुम्ही मला अकरा पत्रं लिहिलीत."

 बाईंनी अडेलिनोकडे पाहिलं. अडेलिनोने त्यांची सगळी पत्रं वाचली होती, आणि त्याचे डोळे तसं सांगत होते.

"हो," बाई हळू म्हणाल्या. "लिहिली."

"काय चाललंय?" उपमंत्री पुढे आले. "अरे वा, झावळी. छान. पावाचं ना ते? मेजर, याला ईस्टरला पाव पाठवा. मोठा."

"पाव नको, साहेब," ओलिंपियो म्हणाला. तो साहेबांकडे बघतच नव्हता. "आई, मला उद्याच्या विमानात जागा हवी. मंगळवारी माझा पाय कापतील. डोंगरात एका पायाने मेंढरं वळत नाहीत."

अंगणात कोणी हललं नाही. हिवतापवाले, पट्ट्यावाले, आचारी, बदलीची वाट बघणारे कारकून, सगळ्यांची नजर बाईंच्या हातातल्या झावळीवर. त्यांतल्या प्रत्येकाची कुठेतरी एक धर्माची आई होती.

"विमान भरलंय, बाईसाहेब," मेजर म्हणाले. "पुढच्या सोमवारी नक्की..."

"कशाने भरलंय?"

मेजर साहेबांकडे बघायला लागले. अडेलिनोच म्हणाला, "टेबलाने, बाईसाहेब. सिंहाच्या पायांचं आहे. स्ट्रेचरएवढंच."

"एर्मेलिंडा," उपमंत्री दातांतल्या दातांत म्हणाले, "भेट आहे ती. व्यापाऱ्यांना काय वाटेल?"

"तेओडोरो, मी झावळी घेतलीय."

"मग परत दे."

बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं भर देवळात कोणी थुंकलं तर पाहतात. एकाएकी त्यांची लिस्बनची भाषा गळून पडली. "परत दे? माझ्या आईच्या घरात सात पिढ्यांत कुणी परत दिली नाही, आन् मी देऊ? इतक्या माणसांत?" मग ओलिंपियोला म्हणाल्या, "आणि तू रे मेल्या, आधी नाव नाही का सांगायचं? घेतल्यावर सांगतोस."

"आधी सांगितलं असतं तर घेतली असती?" ओलिंपियोने साधेपणाने विचारलं.

बाईंनी झावळी छातीशी धरली. मग म्हणाल्या, "टेबल राहील."

सोमवारी सकाळी टेबल इस्पितळाच्या व्हरांड्यात राहिलं आणि ओलिंपियो विमानात गेला. बाईंच्या खुर्चीशेजारी त्याचं स्ट्रेचर होतं, झावळी बाईंच्या मांडीवर. पुढचं अडेलिनोला आठवड्याने वैमानिकाकडून कळलं, आणि तो ते पुन्हा पुन्हा सांगायला लावत असे.

झालं होतं असं. लिस्बनला साहेबांच्या स्वागताला चार वाजता बँड उभा होता, शाळेच्या मुली होत्या, वर्तमानपत्रवाले होते. पण वर्षापूर्वी निघालेला एक हुकूम होता, की विमानात एकही जखमी असेल तर ते अंधार पडल्यावरच उतरवावं. जनतेने स्ट्रेचर पाहून उगाच दुःखी होऊ नये. खाली सही: उपमंत्री डॉक्टर तेओडोरो लासेर्दा. वैमानिक हुकुमाचा पक्का. त्याने विमान मधल्या एका बेटावर उतरवलं आणि दिवस मावळेपर्यंत उभं ठेवलं. साहेबांनी फोनवर सांगून पाहिलं. पलीकडच्या अधिकाऱ्याने त्यांना त्यांचीच सही वाचून दाखवली. ते उतरले तेव्हा बँडवाले घरी जाऊन झोपले होते, आणि अंधारात एक रुग्णगाडी तेवढी उभी होती. ती काही साहेबांसाठी आली नव्हती.

वर्तमानपत्रात फोटो मात्र आला: झावळी घेणाऱ्या बाई, आणि मजकूर, की उपमंत्र्यांनी स्वतःच्या विमानातून एका वीराला घरी आणलं.

पाच आठवड्यांनी पिवळ्या कागदावर पत्र आलं. कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. अडेलिनोने ते व्हरांड्यात सगळ्यांना वाचून दाखवलं, आणि या वेळी काही दुरुस्त करावं लागलं नाही. "पाय आहे. दोन बोटं आखूड झालाय. अंगठा हलतो, बाकीच्यांचं डॉक्टर म्हणतात बघू. धर्माची आई ईस्टरला आली होती. फोलार स्वतः भाजला होता, खालून जळला होता. तिने स्वतः लिहिलेलं एक पत्रपण दिलंय. अक्षर फार वाईट आहे, इथल्या सिस्टरलाही लागत नाही. पण हे बारावं. मी ते वर ठेवलंय."

दुसऱ्या टपालाने अडेलिनोची बदली आली. खरी आघाडी, नदीने सात तास. कारण लिहिलं होतं: चादरींच्या खोलीचा गैरवापर. मेजरांनी ते व्हरांड्यातल्या नव्या टेबलाशी बसून लिहिलं होतं.

होडी दुपारी निघायची होती. अडेलिनो पेटी बांधून त्याच टेबलाशी शेवटची नोंदवही पुरी करत बसला, तर ब्राइमा आला आणि काही न बोलता त्याच्यापुढे एक झावळी धरली. अडेलिनोचं लक्ष वहीत. त्याने ती घेतली आणि खाली ठेवायला जागा शोधू लागला.

"घेतलीस," ब्राइमा म्हणाला.

अडेलिनोने मान वर केली. "अरे, तू मुसलमान. आणि झावळ्यांचा रविवार होऊन दीड महिना झाला."

"माझ्या गावात नवीन रीत निघालीय. आजच." ब्राइमा टेबलाच्या कडेला टेकला. "तू माझी धर्माची आई. दिसायला काही खास नाहीस, पण चालवून घेतो. आता माझा फोलार दे."

"काय हवंय तुला? मोजे?"

ब्राइमाचा चेहरा पहिल्यांदाच हसरा नव्हता. त्याने नोंदवहीकडे बोट केलं. "माझं पान काढ."

अडेलिनोने पान काढलं. ब्राइमाच्या नावापुढे मेजरांच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: ताडावरून पडला.

"मला वाचता येत नाही," ब्राइमा म्हणाला. "पण माझ्या नातवंडांना येईल. त्यांना मी ताडीबाज वाटायला नको."

होडीचा भोंगा वाजला. अडेलिनोने झावळी मांडीवर आडवी ठेवली, दौत पुढे ओढली, ती ओळ खोडली, आणि खाली लिहिलं: सुरुंगाने. लढाईत. मग तारीख घातली, सही केली, आणि शाई वाळावी म्हणून पानावर हळूहळू फुंकर घालत बसला. भोंगा दुसऱ्यांदा वाजला तरी उठला नाही.